एक वीत, चार बोटं

लिफ्टर चालताना कधीच खाली बघत नसे. बंगळूरच्या बसवनगुडीतल्या जुन्या झाडांच्या मुळांनी फुटपाथच्या फरशा उचलून ठेवल्या आहेत. आम्ही सगळे तिथून पाण्यात उतरल्यासारखे जपून चालायचो. हा मात्र मान वर, नजर शेंड्यांवर, असा सरळ जायचा. खड्डा, दगड, झोपलेलं कुत्रं, सगळं न बघता चुकवायचा. बसच्या पायऱ्या उतरतानाही तसाच. कुणी टोकलं तर म्हणायचा, "लिफ्टरनं खाली बघायचं नसतंय गा. खाली बघितलं की बॉल गेला."

ज्यांनी गावाकडे व्हॉलीबॉल खेळला आहे त्यांना लिफ्टर म्हणजे कोण हे सांगायला नको. मागचे खेळाडू बॉल कसाबसा पोचवतात, लिफ्टर तो नेटजवळ अलगद वर उचलून देतो आणि स्मॅशर उडी मारून हाणतो. टाळ्या स्मॅशरला मिळतात. आमच्या संघात स्मॅशर मी होतो, कॅप्टनही मीच. त्याला आईबापांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण आम्ही वीस वर्षं त्याला लिफ्टरच म्हणत आलो आणि तो मला कॅप्टन.

तो निपाणीकडचा, मी चिक्कोडीकडचा. दोघंही पोटासाठी बंगळूरला आलेलो. मी विम्याच्या कचेरीत चिकटलो, तो एका शाळेची बस चालवू लागला. सीमाभागातली आम्ही आठ-दहा माणसं दर रविवारी सकाळी एका शाळेच्या मैदानावर नेट बांधायचो. आठवडाभर कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत दबून राहिलेली आमची भाषा तिथं दोन तास मोकळी सुटायची. लिफ्टरची शाळा कन्नड माध्यमाची, त्यामुळे तो मोजायचा कन्नडमध्ये आणि शिव्या मराठीत द्यायचा. त्यानं सुरेख उचलून दिलेला बॉल मी नेटमध्ये घातला की ओरडायचा, "ताट वाढून दिलं, पाट मांडून दिला, आता घास पण मीच भरवू व्हय रे?"

मैदानावर त्यानं एक कायदा घातला होता. दुखापत होऊन बसलेला खेळाडू परत आला की त्याला आधी उडी द्यावी लागे. चांगल्या पायावर, एका पायावरच, एक लांब उडी. मग दुखऱ्या पायावर तशीच. पडायचं नाही, दुसरा पाय टेकायचा नाही, उतरल्या जागी दोन अंक मोजेपर्यंत थांबायचं. कॅप्टननं दोन्ही टाचांच्या खुणा करायच्या आणि दोन मापं जवळपास सारखी असली तरच संघात घ्यायचं. संधी एकच. कुणी दुसरी मागितली तर लिफ्टर म्हणायचा, "मॅचमधी पाय मोडताना दुसरी संधी देतोय व्हय?" हा कायदा त्यानं कुठून आणला कोण जाणे. पण या कायद्यामुळे आमच्यातला कुणी अर्धवट बरा होऊन खेळला नाही, आणि कुणी त्यावर वाद घातला नाही. कॅप्टनचं माप म्हणजे माप.

मग एका रविवारी तोच पडला. ब्लॉक करून खाली येताना डावा पाय तिरका पडला आणि गुडघा आत वळला. सूज अशी की पँट वर सरकेना. स्कॅन झालं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातला लिगामेंट अर्धवट फाटलाय, पूर्ण तुटलेला नाही. ऑपरेशनची गरज नाही. पायाचे स्नायू बळकट केले तर तेच गुडघा सांभाळतील. पण सहा महिने व्यायाम, आणि तोवर खेळ बंद.

डावा पाय म्हणजे त्याचा क्लचचा पाय. त्याला खेळापेक्षा नोकरीची धास्ती होती. दोन महिने त्यानं रजा काढली आणि जी तपश्चर्या केली ती मी जवळून पाहिली आहे. फिजिओथेरपीच्या मॅडम तरुण होत्या, बोलायच्या हळू. त्यांनी सांगितलेला एकही व्यायाम त्यानं चुकवला नाही. गुंडाळलेला टॉवेल गुडघ्याखाली ठेवून दाबायचा, "ओंदू, एरडू, मूरू." भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बसायचं. एका पायावर उभं राहून दात घासायचे. पुढे कामावर परत गेल्यावर, पोरं शाळेत सोडली की रिकाम्या बसमध्ये शेवटच्या बाकावर पाय पसरून त्याचं मोजणं सुरू. एकदा मी म्हणालो, "अरे, पन्नास सांगितल्यात, चाळीस केलेस तर कोण बघतंय?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी ओशाळलो. "पाय बघतोय की," तो म्हणाला. "पायाला फसवून कुठं जाऊ?"

त्याचा पायावरचा तो विश्वास बघून मला खरं म्हणजे लाज वाटायला हवी होती. पण माझ्या डोक्यात दुसरंच होतं. सीमाभागातून आलेल्या लोकांच्या संघांची वर्षातून एक स्पर्धा होते. दोन वर्षं आम्ही उपान्त्य फेरीत हरलो होतो. मी सत्तेचाळिशीला आलो होतो आणि खांदा रोज सकाळी आठवण देत होता. लिफ्टरच्या जागी आम्ही एकाला उभा करून बघितला, आणि चार रविवारांत मला एक गोष्ट कळली. ती मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. लिफ्टरशिवाय मी एक साधा, जाडसर, उशिरा उडी मारणारा माणूस होतो. वीस वर्षं ज्याला मी माझा स्मॅश समजत होतो, तो निम्म्याहून जास्त त्याचा होता.

स्पर्धा त्याच्या सहा महिन्यांच्या पाच आठवडे आधी आली. मी त्याच्या घरी गेलो. शांतावहिनींनी चहा दिला, आणि मी विषय काढायच्या आत म्हणाल्या, "भावजी, ह्यांना खेळायचं काढू नका हं. मॅडम परीक्षा घेणार हाईत, त्यानंतर बघू." मी हो म्हणालो. मग लिफ्टर मला सोडायला खाली आला तेव्हा म्हणालो, "नुसता उभा राहून बॉल उचल. पळू नकोस. तू नेटजवळ दिसलास तरी आपली माणसं खेळतील."

तो बराच वेळ वर, तारांवर बसलेल्या कावळ्यांकडे बघत होता. "मॅडम म्हणतात, चांगल्या पायाच्या दहात नऊ तरी दुखऱ्या पायानं उडी पडाय पायजे. आपलाच कायदा की तो." मग म्हणाला, "रविवारी माझ्या उडीचं माप तू घे. पडली तर खेळतो. नाही पडली तर नाव काढायचं न्हाई. सरी?"

"सरी, ठरलं," मी म्हणालो.

त्या रविवारी बाकीचे पलीकडे नेट ताणत होते. त्यानं चुन्याच्या रेघेवर उजवा पाय ठेवला, नजर नेटच्या वरच्या पट्टीवर, आणि उडी घेतली. मी टाचेशी चुन्याची खूण केली. मग डावा पाय. चेहरा लग्नाला उभ्या राहिलेल्या माणसासारखा गंभीर. उडी घेतली, उतरला, हलला, सावरला. "ओंदू, एरडू." खाली बघितलं नाही. मी मागे गुडघ्यांवर बसलो होतो. खुणेसाठी मी माझी चप्पल त्याच्या टाचेशी ठेवली. टाच कुठं टेकली ते मला स्वच्छ दिसत होतं. उजव्या पायाच्या खुणेपासून ती एक वीत आणि चार बोटं मागे होती. दहात नऊ सोडा, आठही नव्हते.

तो पाय उचलून बाजूला झाला. तो वळायच्या आत मी चप्पल पुढे सरकवली.

किती सोपं होतं ते. एक वीत, चार बोटं. ताटातली मिठाची वाटी सरकवावी तितकं सोपं. तो वळला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं खाली बघितलं. चुन्याची खूण बघितली, तिच्या शेजारची चप्पल बघितली. "व्हय?" तो म्हणाला. "मला वाटलं कमी पडली."

"तुला वाटतं. माप बघ की."

तो हसला. वाकून त्यानं डाव्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं, जत्रेत बैलाला थोपटतात तसं. म्हणाला, "शाब्बास रे गड्या."

स्पर्धेत पहिल्या सेटमध्ये तो खरोखरच उभा राहून खेळला. दुसऱ्या सेटमध्ये एक बॉल लांब, बाजूच्या रेघेकडे गेला. त्याला सोडता आला असता. पण लिफ्टर बॉल सोडत नसे. मान वर करून तो धावला, डावा पाय रोवला, अंग वळवलं आणि बॉल उचलला. असा उचलला की तो माझ्यासमोर हवेत थांबल्यासारखा झाला. मी मारला. पॉइंट आमचा झाला. मी दोन्ही हात वर करून ओरडत मैदानाला अर्धा वळसा घातला आणि मग मला कळलं की दुसरं कुणीच ओरडत नाही. लिफ्टर उताणा पडला होता. डावा पाय दोन्ही हातांनी धरलेला आणि डोळे वर आकाशाकडे. "आवाज आला," तो म्हणाला. "कॅप्टन, आत आवाज आला."

लिगामेंट पूर्ण तुटला होता. सोबत गुडघ्यातली गादी फाटली होती. ऑपरेशन झालं. मांडीतली शीर काढून नवा लिगामेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन चांगलं झालंय, आता सगळं व्यायामावर आहे. गुडघा वाकवायचा आणि सरळ करायचा तो आत्ताच, पुढे तो आखडून बसतो.

पहिल्या दिवशी मॅडमकडे त्याला मीच रिक्षातून घेऊन गेलो. सगळं बोलणं कन्नडमध्ये चाललं होतं. मॅडमनी विचारलं, "मी तर उडीची परीक्षा घेतली नव्हती. मग खेळायला कसे उतरलात?"

"ग्राउंडवर घेतली. पास झालो."

"माप कुणी घेतलं?"

"आमच्या कॅप्टननं. हा काय, इथंच बसलाय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "बरोबर होतं, सर?"

"हो," मी म्हणालो. "जवळजवळ सारखंच."

मॅडमनी मान हलवली. "मग मला कळत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. आणि लिफ्टर, जो कधी बाईमाणसाशी चढ्या आवाजात बोलला नव्हता, तो एकदम उसळला. "तुम्हाला कळत नाही, तर मला काय कळणार? पाच महिने तुम्ही सांगितलं ते केलं. एक दिवस चुकलो नाही. दहात नऊ म्हणालात, दहात दहा पडली. तरी फाटलं! मग ह्या व्यायामाचा उपयोग काय?" मॅडमचे डोळे भरले. मी भिंतीवरचं गुडघ्याचं चित्र बघत बसलो.

मी खोटं दोनदा बोललो. पहिल्यानं त्याचा गुडघा गेला. दुसऱ्यानं काय गेलं ते कळायला मला वेळ लागला. व्यायाम त्यानं सोडला. सांगितले पन्नास तर करायचा दहा, तेही वहिनी समोर उभ्या राहिल्या तर. टॉवेल पायाखाली नुसता पडून असे. मोजणं बंद झालं. "पाय बघतोय" म्हणणारा माणूस आता गुडघ्याकडे बघून म्हणायचा, "हा खोटारडा हाय. ह्याच्यासाठी किती मरायचं?" गुडघा आखडला. पूर्ण वाकेना, पूर्ण सरळ होईना. मांडी घालून जेवणं गेलं. वहिनी मला दारापर्यंत सोडायला येऊन म्हणायच्या, "भावजी, तुम्ही सांगा हो त्यांना. तुमचं ऐकतात." मी सांगायचो. व्यायाम कर, धीर सोडू नकोस, सगळं सांगायचो. जे सांगायला हवं होतं ते एकच सोडून. ते त्या महिन्यांत सांगितलं असतं तर त्याचा निम्मा पाय तरी वाचला असता. रोज ठरवायचो आणि रोज त्याच्या घराच्या जिन्यात माझी हिंमत संपायची.

क्लच दाबता येईना तसं शाळेनं दुसरा ड्रायव्हर घेतला. वहिनींच्या भावाचं घर देवनहळ्ळीकडे, विमानतळाच्या बाजूला होतं, तिथं ती दोघं राहायला गेली. लिफ्टरला एका नव्या लेआउटच्या फाटकावर राखणदाराचं काम मिळालं. शेतात प्लॉट पाडलेले, दगड रोवलेले, घर एकही नाही. राखायचं काय, तर ते दगड. मी महिन्यातून एकदा दोन बस बदलून जायचो. त्याला आवडते म्हणून शेंगदाण्याची चटणी न्यायचो. तो "कशाला रे एवढं लांब येतोस" म्हणायचा आणि माझ्यासाठी खुर्ची सोडून स्वतः कट्ट्यावर, पाय पुढे ठेवून, बसायचा.

दोन वर्षं अशी गेली. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी बसमधून उतरलो तेव्हा तो फाटकाकडून माझ्याकडे येत होता. मी जागीच थांबलो. लिफ्टर खाली बघत चालत होता. एकेक पाऊल टाकायच्या आधी जागा निरखायची, मग डावा पाय ओढायचा, मग पुन्हा निरखायचं. रस्ता सपाट होता. तेवढ्यात विमानतळावरून एक विमान सुटलं आणि आमच्या डोक्यावरून इतकं खालून गेलं की फाटकाचा पत्रा थरथरला. मी वर बघितलं. समोरच्या टपरीवाल्यानं वर बघितलं. लिफ्टरनं बघितलं नाही. त्याची नजर पुढच्या पावलाच्या जागेवर होती.

कट्ट्यावर बसल्याबरोबर मी सांगून टाकलं. चटणीचा डबा अजून हातातच होता. "उडी पडली नव्हती," मी म्हणालो. "मी चप्पल सरकवली."

आणखी एक विमान गेलं. मग त्यानं विचारलं, "किती?"

"एक वीत. वर चार बोटं."

त्यानं कट्ट्यावर हात पसरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक वीत धरली, पुढे दुसऱ्या हाताची चार बोटं टेकवली. ते अंतर तो बघत राहिला. मी रडत होतो, माफी मागत होतो, काय काय बोलत होतो ते आठवत नाही. त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"म्हणजे पाय खरं बोलत होता," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं होतं की कमी पडली. मी म्हणालो होतो तुला."

"हो."

"आणि मी त्या पोरीला रडवलं."

"हो."

"दोन वर्षं मी ह्याला शिव्या दिल्या, कॅप्टन." त्यानं तळहात गुडघ्यावर ठेवला. थोपटलं नाही, नुसता ठेवला. "तुला एकदा पण वाटलं न्हाई व्हय सांगावं?"

मी म्हणालो, रोज वाटायचं. ते उत्तर माझ्याच कानाला घाण वाटलं.

तो भिंतीला धरून उठला. चटणीचा डबा त्यानं घेतला नाही. "चारची बस हाय," तो म्हणाला. "जा आता. आणि पुन्हा येऊ नकोस." रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो नुसता सांगत होता. चुन्याची रेघ ओढून झाल्यावर "हे आपलं कोर्ट" म्हणायचा, तसं.

मैदानावर जाणं मी सोडलं नाही. सोडणं सोपं होतं, म्हणून सोडलं नाही. सगळ्यांना गोळा करून जे केलं ते सांगितलं. दोघं संघ सोडून गेले, बाकीचे आहेत, पण "कॅप्टन" आता कुणी म्हणत नाही. उडीचा कायदा मात्र अजून चालू आहे. फक्त माप मी घेत नाही. उडी घेणाऱ्यालाच उतरल्या जागी थांबवतो, त्याच्याच हातात चुना देतो आणि म्हणतो, "खाली बघ. तुझी खूण तूच कर." मागच्या महिन्यात एकाची उडी ठरलेल्या मापाला चार बोटं कमी पडली. त्यानं आशेनं माझ्याकडे बघितलं. मी त्याला बाहेर बसवला. आम्ही हरलो.

वहिनींना मी अधूनमधून फोन करतो, लिफ्टर फाटकावर असेल अशी वेळ बघून. त्या फार बोलत नाहीत. एकदा म्हणाल्या, ते स्वतःहून बस धरून मॅडमना भेटून आले. मॅडम म्हणाल्या, उशीर झालाय, पहिल्यासारखा होणार नाही, पण जेवढं होईल तेवढं करू. दुसऱ्यांदा म्हणाल्या, थोडा वाकतोय. मांडी अजून घालता येत नाही.

परवा रविवारी सकाळी मैदानावरून परतताना मी फोन केला. राखणदारांची पाळी बदलली होती, हे मला माहीत नव्हतं. वहिनींनी "हॅलो" म्हटलं आणि मागून, आतल्या खोलीतून, तो आवाज आला. सावकाश, एकेक आकडा ठेवून दिल्यासारखा. "इप्पत्तैदू... इप्पत्तारू..." पंचवीस. सव्वीस. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, फोन कानाला घट्ट दाबून.

मोजणं थांबलं. "कोण हाय गं?" त्यानं विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "कुणी न्हाई. राँग नंबर."

फोन त्यांनी लगेच ठेवला नाही. तेवढ्यात मला पुढचे दोन आकडे ऐकू आले. तो जिथं थांबला होता, बरोबर तिथूनच त्यानं पुढे सुरुवात केली होती. "इप्पत्तेळू... इप्पत्तेंटू..."